गोळी कमी करताना
आज मीटिंगमध्ये अचानक छातीत धडधड सुरू झाली. एसिटालोप्राम (नैराश्य आणि चिंतेवरची गोळी) १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणल्यापासून मान वळवली की डोक्यात विजेसारखा बारीक झटकाही बसतो. आजार परतला, हीच पहिली भीती. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं: डोस घटवल्यावर काही दिवसांतच चक्कर, झटके, बेचैनी आली तर ती बहुतेक औषध सुटतानाची लक्षणं, आजार सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. (म्हणूनच, कृपा करून कुणी अशी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.) शेवटचे मिलिग्रॅमच जास्त जड जातात, कारण छोटा डोसही मेंदूतल्या सेरोटोनिनवर (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) बराच परिणाम करत असतो. बाहेर जाऊन श्वास लांब सोडत उभी राहिले. धडधड ओसरली. पुढची पायरी आणखी छोटी हवी, हे उद्या डॉक्टरांशी बोलणार आहे.