कोयंडा, दीडशे रुपये

नाशकात नदीवर कुणी जात नाही, गंगेवर जातात; गोदावरीला इथं गंगाच म्हणतात. मी दर बुधवारी जातो, आठवडे बाजाराला. भाजीचं खातं बायकोकडे. माझा जीव पोत्यावर मांडलेल्या जुन्या लोखंडात: बिजागऱ्या, अडकित्ते, किल्ली हरवलेली कुलपं. तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून घरांचे नकाशे काढले, आता मोडलेल्या घरांचे सुटे भाग बघत हिंडतो.

या बाजाराला इमारत नाही आणि असून चालणारही नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट गेलाच. पूर आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. २०१९च्या ऑगस्टात तो डोक्यासकट बुडाला होता. म्हणून इथलं दुकान म्हणजे एक पोतं. चार टोकं उचलली की गाठोडं. पक्की दुकानं वर, सराफ बाजारात नि भांडी बाजारात. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, कडीपाटाचं लाकडी छत, खाली धंदा, वर बिऱ्हाड. (सुटका त्यांचीही नाही. पाऊस झोडपायला लागला की दहीपुलाकडून पाणी थेट सराफांच्या गाद्यांपर्यंत.)

तसं पाहिलं तर घाटावरची सगळ्यात मोठी जुनी वस्तू म्हणजे नारोशंकराची घंटा. देऊळ १७४७चं, घंटा पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली, त्या लुटीतली म्हणतात. म्हणजे तीही सेकंडहँडच की!

परवा एक कोयंडा दिसला. हाती घडवलेला, ठोक्यांचे चट्टे दिसणारा. कोयंड्याचे दोन पाय चौकटीतून आरपार घालून मागे मुरडतात. डोक्याच्या खालून त्या मुरडीपर्यंत मोजलं की चौकटीची जाडी कळते. खिशातला टेप लावला, साडेतीन इंच. एवढं सागवान आता कोण वापरतो?

"मावशी, कडी कुठंय याची?"

"कडी गेली वजनावर. तुम्ही मोजत काय बसलात दादा, घ्यायचाय का?"

दीडशे म्हणाली, शंभरला मागितला, दीडशेलाच घेतला.

आमचा वाडा ११ वर्षांपूर्वी पाडला, तेव्हा लाकूड घनफुटावर गेलं आणि लोखंड किलोवर. कंत्राटदाराच्या कागदावर कड्या-कोयंड्यांना वेगळी ओळसुद्धा नव्हती. मी शेजारी उभा राहून सही केली. नकाशे काढणारा माणूस, पण आमच्या दिंडी दरवाजाचं एकही माप माझ्याकडे नाही. हा कोयंडा आमचा असेल असं म्हणत नाही. नसेलच.

फ्लॅटच्या दाराशी तो बसवलाय, छत्री अडकवायला. इथली चौकट अडीच इंचांची, त्यामुळे पाय मागून इंचभर बाहेर आलेत. नातवाला लागतील म्हणून सध्या त्यांवर बाटलीची दोन बुचं घातलीत.