हिपार्किया आणि मागावरचे तास

प्राचीन अथेन्समधील घरंदाज स्त्रीचा दिवस बहुतांशी उंबरठ्याच्या आत, सूत कातण्यात आणि माग चालवण्यात सरत असे. म्हणूनच तत्त्वज्ञांच्या वर्तुळांत ज्या मोजक्या स्त्रिया शिरल्या, त्यांनी आपला वेळ कोठून काढला, हा प्रश्न मला त्यांच्या मतांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

थ्रेसमधील मारोनियाच्या हिपार्कियाकडे मी त्यामुळेच पुन्हा पुन्हा वळते. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लाएर्शियसने तिची हकिकत सविस्तर दिली आहे. खात्यापित्या घरची ही मुलगी संपत्ती आणि सामाजिक संकेत झुगारणाऱ्या सिनिक पंथातील निर्धन तत्त्वज्ञ क्रेटीसशीच लग्न करण्याचा हट्ट धरून बसली, तेव्हा तिच्या आईवडिलांनी तिला समजावण्याची गळ क्रेटीसलाच घातली. त्याने अंगावरचे कपडे उतरवून तिच्यापुढे ठेवले आणि हा नवरा, ही त्याची मालमत्ता, आता ठरव, असे सांगितले. तिने तेच जीवन पत्करले. पुढे एका मेजवानीत थिओडोरस हा तत्त्वज्ञ तिच्याशी झालेल्या वादात निरुत्तर झाला, तेव्हा त्याने तिचे वस्त्र ओढण्याचा प्रयत्न केला आणि माग सोडून आलेली ती हीच का, असे हिणवले. ती डगमगली नाही. मागावर जे तास गेले असते ते शिक्षणात घालवले, यात माझे काय चुकले, असे तिने त्यालाच विचारले.

प्लेटोच्या अकादमीत लास्थेनिया आणि ॲक्सिओथिया शिकत होत्या. तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या 'बाग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेतील लिऑन्टिऑन या स्त्रीने तर थिओफ्रास्टससारख्या मातब्बर विद्वानाचे खंडन लिहिले. सुमारे अडीच शतकांनंतर रोमन लेखक सिसेरोने तिचा उल्लेख एक गणिका म्हणून तुच्छतेने केला. तरीही तिची भाषाशैली उत्तम असल्याचे त्याला मान्य करावे लागले.

येथे ठाण्यात, नौपाड्यातील आमच्या अभ्यासमंडळात दुपारची कामे उरकून येणाऱ्या बायकाच अधिक. हिपार्कियाचे उत्तर वाचून झाल्यावर आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "मग तिच्या वाटणीचं विणलं कोणी?" क्रेटीसच्या संसारात विणण्याजोगे फारसे काही नव्हतेच, परंतु इतर घरांच्या बाबतीत बाईंचा प्रश्न थेट गुलाम स्त्रियांपाशी जाऊन पोहोचतो. एपिक्युरसने आपल्या मृत्युपत्रात ज्या गुलामांना मुक्त केले, त्यांत फेड्रिऑन नावाची एक स्त्री आहे. बागेतील चर्चेसाठी इतरांना जो वेळ मिळाला, तो ज्यांच्या कष्टांवर उभा होता, त्यांच्यापैकी एकीचे नाव कागदावर उतरले, हे मला लिऑन्टिऑनच्या लेखनाइतकेच मोलाचे वाटते.