टूथपेस्टच्या खोक्यातला हत्ती

गणपतीच्या आधी माळा साफ करताना बिस्किटाचा एक गंजलेला डबा सापडला, उघडून बघितला तर आत बिनाकाची जनावरं! हत्ती, कान तुटलेला जिराफ आणि दोन पाणघोडे. साफसफाई तिथंच राहिली, मी माळ्यावरच फतकल मारून बसले.

नवीन पोरांसाठी सांगते, बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात एक चिमुकलं प्लास्टिकचं जनावर फुकट यायचं. आमचे आजोबा शेवटपर्यंत राखुंडीवाले, त्यांच्या मते ट्यूब म्हणजे पैशाचा चुराडा. पण आम्ही चार भावंडं मिळून आईच्या मागं लागायचो आणि पेस्ट संपावी म्हणून ब्रशवर ही एवढी घ्यायचो. गल्लीतल्या दुकानात जाऊन मी म्हणायचे, "काका, एकदा हलवून बघतो की!" (हो, बेळगावात आम्ही पोरी पण 'बघतो'च म्हणतो, पुण्यात गेल्यावर लोक हसले तेव्हा कळलं.) काका ओरडायचे, खोकं फाटतंय म्हणून. हलवून कळायचं काहीच नाही, घरी येऊन फोडलं की परत पाणघोडा.

गंमत म्हणजे तेव्हा घरात टीव्ही नव्हता, तरी बिनाका पाठ. बुधवारी रात्री आठला रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचं "बहनों और भाइयों". गीतमाला सुरू झाली तेव्हा आकाशवाणीवर जाहिराती नव्हत्या, त्यात १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या केसकरांनी (आपलाच मराठी माणूस!) सिनेमाची गाणी पण बंद केल्यासारखीच केली, मग काय, सगळे ऐकणारे रेडिओ सिलोनकडं आणि पेस्टवाले पण तिकडंच. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ ला. म्हणजे दात घासायची पेस्ट आम्हाला लंकेतून सांगितली जायची आणि खोक्यातला हत्ती पोरांकडून आईबापांना सांगायचा. खेळण्याची जाहिरात नव्हतीच ती, खेळणंच जाहिरात होतं! आता चिप्सच्या पाकिटात काहीबाही निघतं ते बघून मला नवल वाटत नाही ते यामुळंच.

याच्या उलट गोकाकची लाकडी फळं. हलकं लाकूड, वरून हातानं रंगवलेलं, केळं, वांगं, मिरची अगदी खरी वाटावीत अशी. त्यांची जाहिरात मी कधी ऐकली नाही न बघितली नाही. आत्याच्या शोकेसमध्ये करंडी भरून असायची, कुलूप लावून, आणि आलेली प्रत्येक बाई "कुठनं आणलंस गं?" विचारायचीच. पुढच्या वेळी तिच्या घरात पण तीच करंडी. पण आम्हाला हात लावायची बंदी, म्हणून आमच्या लेखी ते खेळणं नव्हतंच. आंबोली उतरून सावंतवाडीला गेलो की लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत पण तेच, बघा पण धरू नका.

डब्याचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटात पुण्याहून धाकट्याचा फोन, वय वर्षं पंचावन्न, "ताई, हत्ती माझा आहे हं, कुरिअर कर." पाणघोडे मात्र कुणीच मागितले नाहीत.