दोन पाटे जास्त

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) वाट ओहळ ओलांडून चढते. तिथे टेम्पो पोहोचत नाही, म्हणून सगळी ने-आण आमच्या तीस वर्षे जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपवर असते. सुपारी, नारळ, केळीचे घड ही तिची नेहमीची ओझी. दोन वर्षांपूर्वी बांध घालायला काढला आणि त्यांत चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) भर पडली. हौद्यात तीस चिरे रचले की गाडी मागून इतकी बसायची, की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चार बोटेही शिरत नसत. ज्या मेस्तांकडे (मेकॅनिककडे) मी ती नेली, त्यांचा हात खाणींच्या भरभराटीच्या काळात खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांवर बसलेला. 2012 साली खाणी बंद पडल्यावर ते लहान गाड्यांकडे वळले. त्यांनी मागच्या सात-सात पाट्यांना (गाडीचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना) दोन्ही बाजूंनी दोन-दोन पाटे जोडले, लांब यू-बोल्ट घातले आणि म्हणाले, "पात्रांव (मालक), आता चाळीस घाला, बसायची नाही."

ती बसली नाही, हे खरे. पण त्याच हिवाळ्यात बेळगावहून खताच्या गोणी घेऊन चोर्ला घाट उतरताना, केरीच्या वर एका वळणावर, दुसऱ्या गियरमध्ये असूनही ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले आणि ब्रेकच्या ड्रमला आतून घासणारा लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये शिरला. मी कडेला थांबलो. ड्रमवर ओल्या फडक्याचा शिंतोडा पडताच चर्र आवाज झाला (असे मुद्दाम करू नये, तापलेला ड्रम तडकू शकतो). तापल्यावर ड्रम फुगतो, लायनरपासून दूर सरकतो, म्हणून पेडल अधिक दाबावे लागते. वर लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. गाडीचे वजन वाढले की उतारावर ब्रेकने पचवायची उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पाटे वाढवले होते, ड्रम मात्र तेच होते.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे गाडी वजनकाट्यावर नेली. आरसी बुकात रिकामे वजन 1,480 किलो आणि भारित वजनाची मर्यादा 2,180 किलो आहे, म्हणून माझ्या डोक्यात सातशे किलोचा हिशेब पक्का बसला होता. काट्याने रिकाम्या गाडीचे 1,610 दाखवले. पुढचे लोखंडी गार्ड आणि हौद्यावरचा अँगलचा सांगाडा हे सारे आम्हीच हौसेने चढवलेले. मी आणि एक गडी मिळून 135 किलो. उरले 435. एक चिरा सरासरी तीस किलोचा भरतो, म्हणजे नियमाने चौदा चिरे. आम्ही तीस नेत होतो. भरलेल्या गाडीची फक्त मागची चाके काट्यावर घेतली तेव्हा आकडा 1,720 आला. टायरवर भारांक 100 छापलेला आहे, त्याचा अर्थ पूर्ण हवेवर एका टायरला 800 किलो. दोन टायरचे 1,600. आरसी बाजूला ठेवली तरी, खुद्द टायरनेच आम्हाला नकार दिला होता.

पाट्यांचे गणित सोपे आहे. सारख्या जाडीचे सातचे नऊ पाटे केले की ताठपणा साधारण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी वाढतो आणि गाडी कमी बसते. पण वाहनक्षमता ही पाटे, शॅकल (पाटे चासीला जोडणारा हलता दुवा), चासी, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक या साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते. त्यातही आमच्या गाडीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग, म्हणजे जी दांडी चाक फिरवते तीच गाडीचे वजनही पेलते. शिवाय ताठ पाट्यांचे धक्के चासीला सोसावे लागतात. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीखाली दिवा धरला, तर पाटे चासीला टांगणाऱ्या मागच्या हँगरच्या रिव्हेटपासून निघालेली केसाएवढी चीर आणि तिच्याखाली गंजाचा तांबूस ओघळ दिसला. नंतरच्या काही पिकअपमध्ये तर गाडी किती बसली यावरून ओझे ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे पाटे वाढवले की व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीला रिकामी समजतो. माझ्या गाडीत तो व्हॉल्व्ह नाही, पण माझी गतही तीच झाली होती. मागून बसणे ही गाडीची तक्रार होती आणि मी तक्रार मिटवण्याऐवजी तिचे तोंड बंद केले होते.

कागदावरचा आकडा वाढवता येईल का, याचीही मी चौकशी केली. ऑस्ट्रेलियात स्प्रिंग वगैरेंचा मंजूर संच बसवून, त्या वजनाला ब्रेक पुरतात हे सिद्ध करून, अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह जुन्या फोर-व्हील ड्राइव्हचे अनुज्ञेय वजन रीतसर वाढवता येते. आपल्याकडे हा आकडा उत्पादकाच्या नमुना-चाचणीतून ठरतो आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत तेच बजावले. जुलै 2018 मध्ये केंद्राने वाढवलेली ॲक्सलभाराची मर्यादा दाखवून "आता सगळ्यांना जास्त चालते" असे सांगणारे बरेच भेटतात. पण ती वाढ मोठ्या मालट्रकांच्या ॲक्सलसाठी आहे, आमच्यासारख्या पिकअपचा आरसीवरचा आकडा तिने हलत नाही. जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, हे वेगळेच.

शेवटी जादा पाटे काढले, चासीची चीर थांबवून तिथे पट्टी मारून घेतली, ड्रम आणि लायनर बदलले. मेस्त थोडे हिरमुसले, पण काट्याची पावती त्यांनी दोनदा वाचली. गार्ड आणि सांगाडा उतरवल्यावर नव्वद किलो कमी झाले, म्हणजे फुकटात तीन चिरे मिळाले. आता एका खेपेला सतरा चिरे येतात. चिरा सच्छिद्र, पाणी पिऊन जड होतो, म्हणून पावसात पंधरा.