आमची वाटचाल : दुसऱ्या रविवारची भेट

जळगावात आम्ही वेबसाइट तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा दोन संगणक, भाड्याची एक खोली आणि सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानाचे काम एवढेच भांडवल हाताशी होते. पुढे डाळ मिल, ठिबकचे विक्रेते, केळीचे व्यापारी असे ग्राहक जोडले गेले. तरीही कोड लिहिताना काही अडले, किंवा एखाद्या कामाचे किती पैसे सांगावेत असा प्रश्न पडला, तर ज्याला विचारावे असे आपल्या व्यवसायातले माणूस गावात आमच्या माहितीचे नव्हते.

पुण्यात २००८ पासून ओपन कॉफी क्लबच्या नावाने नवउद्योजक आणि डेव्हलपर एकत्र जमतात हे कळल्यावर मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तिकडे जाऊ लागलो. ही प्रथा मूळची लंडनची. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी ज्याला यायचे त्याने यावे, ही साधी रीत २००७ मध्ये उद्योजक सॉल क्लाइन यांनी तिथे घातली. लेखी करार केल्याशिवाय आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम हाती घ्यायचे नाही, ही शिस्त मी पुण्यातच शिकलो आणि त्याबद्दल मी त्या मंडळींचा कायम ऋणी आहे. मात्र तिथली बरीच चर्चा गुंतवणुकीभोवती फिरे आणि माझे प्रश्न रावेर-यावलच्या बांधावरचे असत.

म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जळगावातच भेट सुरू केली. पहिल्या वेळी चौघे आले. सुरुवातीचे काही महिने भाषणे आणि व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण यांतच गेले, तेव्हा आम्ही नियम बदलला : प्रत्येकाने उभे राहून आपले काय अडले आहे आणि आपण दुसऱ्याला काय देऊ शकतो, एवढेच सांगायचे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्येही लोक अशाच गरजा आणि माहिती सर्वांसमोर मांडत, आणि पुढे ॲपल कंपनीचे सहसंस्थापक झालेले स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे तिथेच वाटले, हे मी नंतर वाचले आणि आपण योग्य वाटेवर आहोत असा भरवसा वाटला.

या नियमाचा सर्वांत मोठा लाभ आम्हालाच झाला. केळीची गाडी भरताना काट्यावरचे वजन मोबाइलवरून नोंदवण्याची सोय आम्ही एका व्यापाऱ्यासाठी केली होती. शेतात नेटवर्क कमी. बटण दाबल्यावर पडद्यावरचे चक्र फिरतच राही, नोंद करणारा पुन्हा बटण दाबे आणि एकच वजन खात्यात दोनदा चढे. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब चुकावा, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. बटण काही सेकंद बंद ठेवूनही उपयोग झाला नाही, कारण पहिली नोंद सर्व्हरवर पोहोचलेली असे, फक्त तिची पोच परत येताना हरवे. भेटीत हे मांडल्यावर धुळ्याहून आलेल्या एका डेव्हलपरने फळ्यावर दोन चौकोन काढले, परतीचा बाण मध्येच पुसला आणि म्हणाला, “दादा, त्यांना दहादा दाबू द्या. फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंद न करता आधीचेच उत्तर पाठवा.” आम्ही डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाच्या रकान्याला युनिकचे बंधन, म्हणजे एकच क्रमांक दोनदा साठवता येणार नाही अशी अट, घातले आणि दुबार नोंदी थांबल्या. तो डेव्हलपर आज आमचा भागीदार आहे.

कडू अनुभवही आला. भेटीत कोणी विश्वासाने सांगितलेली एका ग्राहकाची योजना दुसऱ्याने थेट त्या ग्राहकाकडे नेऊन कमी पैशांत करून देऊ केली. तेव्हापासून अडचण मांडताना ग्राहकाचे नाव घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले.

नंदुरबार, दोंडाईचा आणि अमळनेरहून शिकणारी मुले-मुली सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने येतात. दहाच्या भेटीत त्यांचे निम्मे बोलणे हुकत असे. म्हणून आता भेट साडेअकराला सुरू होते आणि अडचणी मांडण्याची पहिली पाळी गाडीने आलेल्यांची असते.