राखाडी बेट

राखाडी रंग मीच दिला होता, म्हणून हे लिहायला घेतलंय.

बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. आमचा धंदा घरी समजावून सांगणं मी सोडून दिलंय. आई शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरवर ठिपके काढते" म्हणून सांगते आणि ते बरंचसं बरोबर आहे. लोकांकडे हजारो ओळींचा माल पडून असतो, तक्रारी म्हणा, अभिप्राय म्हणा, कुणीही न वाचलेला. आम्ही त्याचं चित्र काढून देतो. एक ओळ म्हणजे एक ठिपका. अर्थानं जवळच्या ओळी चित्रातही जवळजवळ बसतात. ठिपक्यावर माऊस नेला की मूळ वाक्य दिसतं, ठिपक्यांभोवती रेघ फिरवली की तेवढ्याच ओळी बाजूला निघतात. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी 1996 सालीच या कामाचा क्रम लावून दिलाय: आधी सगळं एकदम दाखवा, मग जवळ जाऊ द्या आणि गाळू द्या, तपशील मागेल तेव्हा द्या. तपशील मागणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचाय.

या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे मोबाईल स्टार्टर बनवणारी एक कंपनी. ऊसवाल्यांना हे सांगायला नको. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज रात्री-अपरात्री येते. बॅटरी घेऊन मळ्यात जाण्यापेक्षा स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड घालायचं आणि घरात झोपल्या झोपल्या फोन लावून मोटर चालू करायची. पेटी बिघडली की हेल्पलाईनला फोन. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, खानापूर, सगळीकडच्या मिळून 40 हजारांच्या आसपास नोंदी आमच्याकडे आल्या.

पहिला आठवडा गावांच्या नावांनीच खाल्ला. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदलून बेळगावी झालं, पण फायलींत दोन्ही नावं सुखानं नांदतात, त्यामुळे आलेखात बेळगावचे दोन खांब उभे राहतात. 2011 च्या जनगणनेच्या तालुक्यांत बैलहोंगल शोधत बसाल तर मिळणार नाही, तिथं तो 'संपगाव' आहे. सौंदत्ती 'परसगड' आहे. आणि खानापूर! पत्ता वाचून नकाशावर ठिपका टाकणाऱ्या ऑनलाईन सेवेनं आमच्या खानापूरचे झाडून सगळे शेतकरी उचलले आणि सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याकडं नेऊन ठेवले. "1956 पासून अडलेलं काम एका क्लिकमध्ये झालं की!" ऑफिसात कुणीतरी म्हणालं. आमचा गोकाकचा सहकारीसुद्धा पोट धरून हसला.

मग मुख्य चित्र. बहुभाषिक मॉडेल, म्हणजे अनेक भाषांतल्या वाक्यांचा अर्थ आकड्यांत मांडणारा प्रोग्राम, प्रत्येक वाक्याचे 768 आकडे करतं, आणि ते आकडे यूमॅप नावाच्या पद्धतीनं लांबी-रुंदीच्या दोनच आकड्यांत चेपायचे. ही पद्धत 2018 ची. पुरणपोळी लाटण्यातलाच प्रकार: पोळी गोल होते, पण पुरण कुठंतरी फुटून बाहेर येतंच. ठिपक्यांच्या पुंजक्यांना आम्ही बेटं म्हणतो. दोन बेटांमधलं अंतर मोजून त्यातून अर्थ काढू नका, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये एक साहेब उठून बोटानं ते अंतर मोजतात.

बेटांना नावं प्रोग्रामच सुचवतो, त्या बेटात जास्त आणि इतरत्र कमी येणारे शब्द उचलून. एका बेटाचं नाव निघालं 'सिम, नेटवर्क, सिग्नल', दुसऱ्याचं 'फेज, व्होल्टेज', तिसऱ्याचं 'वॉरंटी, बिल'. खाली डाव्या कोपऱ्यात एक पसरट बेट होतं, सांडलेल्या रांगोळीसारखं, कडा नसलेलं. त्याचं नाव निघालं 'आहे, नाही, झालं, सर'.

बंगळूरच्या रिव्ह्यूत साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, भरतीचे शब्द आहेत, कचरा साचलाय. त्या बेटाला 'इतर' नाव दिलं, रंग राखाडी केला आणि राखाडी ठिपके सुरुवातीला लपलेलेच राहतील अशी सोय केली. चित्र एकदम देखणं झालं. रिपोर्ट गेला.

'आहे' आणि 'नाही' हे शब्द रोमन अक्षरांत माझ्या डोळ्यांसमोर होते. दिवसभर मराठी बोलणारी बाई मी, मला त्यात मराठी दिसली नाही.

दिसली ती गोकाकच्या सहकाऱ्याला, महिन्याभरानं. तो नव्या कामासाठी जुन्या फायलीतला नमुना काढत होता. "मॅडम, हे तुमचं मराठी न्हवं काय?" मी म्हटलं, कुठलं? त्यानं राखाडी बेटाभोवती रेघ फिरवली आणि ओळींची यादी उघडली. सगळ्यात वरती होतं: 'पाणी संपलं तरी मोटर बंद होईना. तशीच फिरालीया. गेल्या वर्षी पण सांगितलेलं. दोनदा वाइंडिंग केलं.' वाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटरीची तार नव्यानं गुंडाळणं.

आम्ही दोघांनी जेवणाची सुट्टी त्यातच घालवली. पाणी हा एक शब्द मी किती तऱ्हांनी लिहिलेला पाहिला म्हणून सांगू! 'पी'नंतर एक 'ए', दोन 'ए'. शेवटी 'आय', 'डबल ई', 'वाय'. मध्येच कुणी 'एन' दोनदा. विहीर तर 'व्ही'नंही सुरू होते आणि 'डब्ल्यू'नंही. 'ळ'ला जागाच नाही, त्यामुळे जळाली आणि जाळी जवळपास सारखीच दिसतात. असलं काही पुढं आलं की मॉडेलला विषय सापडत नाही, त्याला फक्त वाक्यांचा एकसारखा तोंडवळा दिसतो. म्हणून सिमची तक्रार, वॉरंटीची तक्रार, मोटर जळाल्याची तक्रार, सगळ्यांना एकाच दावणीला बांधून त्यानं कोपऱ्यात उभं केलं होतं. रोमन अक्षरांतलं कन्नड मात्र नीट वाटलं गेलं होतं, कारण 'इल्ला', 'आगिदे' अशा शब्दांच्या ओळी आधी कन्नड लिपीत करून घ्यायचं काम बंगळूरच्या टीमनं केलं होतं. मराठीचं करायचं कुणी? तिथं नव्हतंच कुणी, आणि इथं मी होते.

पाण्याचं प्रकरण साधं नाही. विहिरीत पाणी उतरलं की मोटर रिकामी फिरते आणि ओढत असलेला करंट कमी होतो. पेटीनं तो ॲम्पिअरमधला फरक ओळखून मोटर तोडायला पाहिजे. नाही तोडली तर पाण्यात बुडून थंड राहायचं हेच जिचं जगणं, ती सबमर्सिबल मोटर तापते, आणि माणूस घरात झोपलेला. इंग्रजी नोंदींत 'ड्राय रन'चं, म्हणजे मोटर अशी रिकामी फिरण्याचं, बेट इतकं लहान होतं की रिपोर्टमध्ये ते शेवटच्या पानावर गेलं. पहिल्या पानावर नेटवर्क होतं. कंपनीनं हंगामाआधीचा खर्च अँटेना बदलण्यावर लावला.

हेल्पलाईन शहरातच आहे. मी एका संध्याकाळी तिथं गेले. नियम असा की शेतकरी काहीही बोलो, नोंद इंग्रजीत आणि दोन ओळींत. नव्या मुली नियम पाळतात: 'मोटर प्रॉब्लेम, कस्टमर अँग्री.' अशा नोंदी माझ्या चित्रात सुबक बेटं करून बसल्या होत्या. नियम न पाळणाऱ्या दोघी-तिघी. त्यांतल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. माझ्या राखाडी बेटातल्या कितीतरी ओळी त्यांच्या निघाल्या.

"अक्का, तुम्ही एवढं सगळं का लिहिता?"

"मग? तो बोलला तसं लिहिलं नाही तर मेस्त्रीला कळायचं कसं? मोटर प्रॉब्लेम म्हटलं तर तो नुसता स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातो."

दर महिन्याच्या आढावा बैठकीत अक्कांना यावरून बोलणी बसतात, असं शेजारच्या मुलीनं नंतर हळूच सांगितलं.

परत येऊन आम्ही काम पुन्हा केलं. रोमन मराठी ओळी वेगळ्या काढायला हातानंच शब्दांची यादी केली, काही शब्द अक्कांनीच सांगितले. त्या ओळी देवनागरीत फिरवायला आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाचं लिप्यंतराचं मॉडेल वापरलं. त्यानं मराठी शब्द बऱ्यापैकी ओळखले. इंग्रजी शब्दांवर मात्र घसरलं, ट्रिपचं 'त्रिप' झालं आणि फेजचे 'फासे'. ते हातानं दुरुस्त केले. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी चित्र काढलं तेव्हा कोपरा जवळजवळ रिकामा होता. सांडलेली रांगोळी जिथली तिथं गेली होती, आणि पाण्याचं बेट फुगून नेटवर्कच्या खालोखाल आलं होतं.

गिऱ्हाईकाच्या साहेबांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली. "मॅडम, मागच्या महिन्यात एक, या महिन्यात दुसरं. खरं कुठलं?" मी मॉडेल, लिपी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अँटेनाची ऑर्डर गेलेली आहे, ड्राय रनचं पुढच्या हंगामात बघू, म्हणाले. शेतकऱ्यांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हाच हे कुणी पुढं पाठवलं नव्हतं का, असं मी विचारलं, तर ते दुसऱ्या विभागाकडं आहे म्हणाले.

दोनदा वाइंडिंग केलेल्या त्या शेतकऱ्याला फोन लावावासा वाटला होता. आमच्या फायलीत नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसतात. गावाच्या रकान्यात निपाणी आहे, बस्स.

नव्या चित्रातही थोडे राखाडी ठिपके उरलेत, कुठल्याच बेटात न बसणारे. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून ते सुरुवातीला लपवून ठेवा, असा मेल आलाय. मी ते दिसतेच ठेवलेत. मेलला उत्तर अजून दिलेलं नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.