दारात उभे राहण्याची दोन वर्षे

सप्टेंबर २०१६ ते सप्टेंबर २०१८ या काळात मी फिलिपाईन्समध्ये येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांच्या चर्चचा पूर्णवेळ मिशनरी होतो. लोक या चर्चला ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतात. हे टोपणनाव वापरू नये, अशी विनंती चर्चने २०१८ मध्ये केली. परंतु पूर्ण नाव सांगितले तर पुण्यात समोरच्याला काहीच बोध होत नाही, म्हणून येथे ते एकदा वापरून ठेवतो. मिशनला जाऊ इच्छिणारी मुले मला अधूनमधून विचारतात की तिकडे दिवसभर नेमके काय करावे लागते, आणि तोंडी सांगताना माझे उत्तर नेहमी भरकटते. म्हणून हे लिहून काढले आहे.

अर्जाची प्रक्रिया दिसते तेवढी लहान नसते. शाखाध्यक्षांची मुलाखत, नंतर त्यांच्या वरिष्ठांची मुलाखत, डॉक्टरांची तपासणी, लसी, आणि दंतवैद्याचे प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदापायी माझ्या दोन अक्कलदाढा गेल्या. मुलांसाठी किमान वय पूर्वी १९ होते, ते २०१२ मध्ये १८ झाले. मी मात्र पदविका पूर्ण करून १९ व्या वर्षी अर्ज केला. कोठे जायचे हे आपण ठरवत नाही. सॉल्ट लेक सिटीहून पत्र येते आणि त्यात देश, भाषा व रुजू होण्याची तारीख असते. त्या काळी ते कागदी पाकिटातून येत असे. आमच्या घरात ते आईने मोठ्याने वाचले. आई-वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आजी मात्र शेवटपर्यंत वारकरी राहिली. तिने एवढेच विचारले, “दोन वर्षं पगार नाही, आणि खर्चही आपलाच?” मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, “मग वारीच की.”

प्रशिक्षण केंद्र मनिलाला लागून असलेल्या केझोन सिटीमध्ये आहे आणि जवळच चर्चचे १९८४ मध्ये समर्पित झालेले मंदिर आहे. भारतात तेव्हा चर्चचे मंदिर नसल्यामुळे मिशनपूर्वीचे विधी मी तेथेच केले. (बंगळूरूच्या मंदिराची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये चर्चच्या परिषदेत झाली. त्या परिषदेचे प्रक्षेपण पाहताना तो भाग आला तेव्हा सभागृहातल्या झाडून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, जणू ते मंदिर मीच बांधायला काढले होते.) सहा आठवडे टागालोग शिकलो. क्रियापदांनी घाम काढला, पण शब्दांमध्ये ओळखीचे चेहरे भेटत गेले: गुरूला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. ज्या शब्दावाचून आमचे एकही वाक्य पूर्ण होत नसे तो म्हणजे श्रद्धा, टागालोगमध्ये ‘पनानांपलाताया’. त्याच्या पोटात संस्कृतमधला ‘संप्रत्यय’ आहे, हे कळल्यावर मला तो शब्द पुन्हा पाठ करावा लागला नाही.

माझी नेमणूक दक्षिण लुझोनमध्ये, लगुना प्रांतात झाली. सात तळ्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सान पाब्लोमध्ये मी सर्वांत जास्त काळ राहिलो. दिवस घड्याळावर चालत असे. साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, भाताचा नाश्ता. आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथांचा अभ्यास, नऊला साथीदाराबरोबर अभ्यास, त्यानंतर भाषा, आणि मग पांढरा सदरा, टाय व काळी नावपट्टी लावून बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, पुढच्या दिवसाचे नियोजन आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ च्या सुरुवातीस या वेळापत्रकात थोडी मोकळीक आली, परंतु साडेसहा आणि साडेदहा हे दोन खुंटे हलले नाहीत. साथीदार सदैव नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा लागतो. स्नानगृह सोडले तर दोन वर्षांत मी कोठेही एकटा नव्हतो. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होत आणि त्यात साथीदार बदले, गाव बदले किंवा दोन्ही बदले. मला एकूण अकरा साथीदार मिळाले. त्यांच्यापैकी एक झोपेत घोरत असे आणि एक झोपेत आपल्या श्रद्धेची साक्ष देत असे. पहिल्याबरोबर राहणे अधिक सोपे होते.

तेथे दारावर टकटक करण्याची पद्धत फारशी नाही. फाटकाबाहेर उभे राहून “ताओ पो!” अशी हाक घालतात. ‘ताओ’ म्हणजे माणूस आणि ‘पो’ हा आदरार्थी शब्द, म्हणजे साधारण “माणूस आलाय हो!” पूर्वी रात्री भूतखेत नव्हे, तर माणूसच आला आहे हे कळावे म्हणून असे म्हणत, असे लोक सांगतात. माझ्या बाबतीत ही हाक पुरेशी ठरत नसे. फिलिपाईन्समध्ये भारतीयाला सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात. शब्द आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून आलेला आहे आणि त्याच्याशी एक धंदा कायमचा जोडलेला आहे: ‘फाइव्ह-सिक्स’. पाच घ्या, सहा परत करा. मोटारसायकलवरून वस्तीवस्तीत फिरून ठेलेवाल्यांना व बायकांना कर्ज देणारे, पंखे आणि मच्छरदाण्या हप्त्याने विकणारे हे लोक बहुधा पंजाबी. पण सावळा, नाकेला, टाय लावलेला तरुण हातात वही घेऊन फाटकात उभा असला की त्याचा प्रांत कोण विचारतो? माझ्या पहिल्याच आठवड्यात एका गल्लीतली तीन दारे माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली आणि चौथ्या घरातून एक लहान मुलगा बाहेर येऊन म्हणाला, “आई सांगते, आई घरात नाही.” माझा अमेरिकी साथीदार खो-खो हसला. मला मात्र त्या दिवशी वाईट वाटले. आपण देवाचे वचन घेऊन आलो आहोत आणि लोक आपल्यामागे व्याज पाहत आहेत, ही भावना पचायला वेळ लागला.

अशाच एका दारात ‘नानाय’ भेटली. नानाय म्हणजे आई. ती लोकांचे कपडे धुऊन घर चालवत असे. माझी हाक ऐकून तिने आतूनच सांगितले, “सा साबादो ना लांग!” शनिवारीच या आता. आम्ही खरोखर शनिवारी गेलो. साबणाने सुरकुतलेले हात पदराऐवजी टीशर्टला पुसत ती बाहेर आली, तिने माझी नावपट्टी निरखून पाहिली, आणि आपण ज्याला पैसे देणे लागतो तो हा नव्हे, याची खात्री पटल्यावर तिला एवढे हसू आले की तिने आम्हांला आत बसवले. लगेच मुलाला कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात पिटाळून कॉफीच्या पुड्या मागवल्या. आम्ही चहा-कॉफी घेत नाही, हे सांगण्याचा प्रसंग मला दोन वर्षे रोज छळत असे, कारण नकार दिला की लोक त्याहून महाग असे शीतपेय आणवतात. मी मुलाला घाईघाईने हाक मारून पाणी मागितले. नानायने पाण्याबरोबर उकडलेली केळी ठेवली.

ती शिकली, वाचू लागली, दर रविवारी सभेला येऊ लागली, परंतु तिचा बाप्तिस्मा होऊ शकला नाही. ज्या माणसाबरोबर ती सतरा वर्षे संसार करत होती त्याचे कायदेशीर लग्न दुसऱ्याच बाईशी झालेले होते, आणि फिलिपाईन्समध्ये मुस्लिमांचा अपवाद वगळता घटस्फोटाचा कायदाच नाही. विवाह रद्द ठरवून घेण्याचा मार्ग आहे, पण त्याला वकील, वर्षे आणि पैसा लागतो. कपडे धुणाऱ्या बाईकडे यांपैकी फक्त वर्षे असतात. अविवाहित जोडप्यांचे काम तुलनेने सोपे असे. सांख्यिकी प्राधिकरणाकडून ‘सिनोमार’, म्हणजे पूर्वी लग्न न झाल्याचा दाखला, मिळवून द्यायचा, नगरपालिकेत घेऊन जायचे, आणि लग्न लावून द्यायचे. मी अशी चार लग्ने जुळवून आणली. विशीतला अविवाहित मुलगा पन्नाशीच्या जोडप्याला लग्नाचे महत्त्व समजावतो आहे, यातला विनोद मला तेव्हाही दिसत होता. नानायपुढे मात्र माझ्याजवळ देण्यासारखे काही नव्हते. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना बाप्तिस्मा नाही हा नियम चर्चचा होता आणि अडचण देशाच्या कायद्याची; मध्ये ती होती, आणि नियम सांगण्याचे काम माझे होते. आजही त्या संभाषणाचा विचार केला तर मी ते याहून बरे करू शकलो असतो असे वाटते. काय वेगळे बोललो असतो ते मात्र सुचत नाही.

घरची आठवण साधारण पाचव्या महिन्यात गाठते. सोमवार हा आमचा तयारीचा दिवस. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि सायबर कॅफेत बसून घरी ईमेल लिहिणे. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. (२०१९ पासून मिशनरी दर आठवड्याला घरी बोलू शकतात. आताच्या मुलांचा मला थोडा हेवा वाटतो.) पहिल्या नाताळच्या फोनवर आईने काय स्वयंपाक केला ते विचारले आणि नंतर मला बोलता आले नाही. पावसाळ्यात वादळाचे इशारे आले की आम्ही तांदूळ, पाणी आणि मेणबत्त्या भरून खोलीत बसून राहत असू. अशाच एका रात्री मी दोन फिलिपिनो एल्डरांना, म्हणजे मिशनरी मुलांना, कांदा, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट घालून फोडणीचा भात करून दिला. पुढे माझ्या प्रत्येक बदलीबरोबर माझ्याआधी हा भात त्या गावात पोहोचलेला असे.

शेवटच्या बदलीपूर्वी नानायकडे गेलो तेव्हा तिच्या धाकट्या मुलाने माझा हात धरून आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना तेथे असा ‘मानो’ करतात, आणि मी २१ वर्षांचा होतो. पुण्याला परतल्यावर वरिष्ठांनी मला सेवामुक्त केले, नावपट्टी काढायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी मी एकटाच दूध आणायला निघालो तो जिन्यात थांबून साथीदाराची वाट पाहू लागलो. ही सवय जायला दोनेक महिने लागले.

नानाय अजूनही दर रविवारी सभेत मागच्या बाकावर बसते. तिचा मुलगा आता नोकरीला आहे आणि त्याच्या फोनवरून ती मला वाढदिवसाला संदेश पाठवते. गेल्या खेपेस मी वकिलाचे काय झाले, असे विचारले होते. उत्तर दोन दिवसांनी आले: “पैसे नाहीत रे बुंबाय, शनिवारी ये.”